करार, मान आणि अतृप्ती : देवदूत-दानवांच्या प्रणयमालिकांचे आकर्षण आणि 'रात्रीस खेळ चाले'

प्रस्तावना

मनोरी खाडीच्या दोन्ही तीरांवर 'गोराई' हे एकच नाव चालते. पलीकडे कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचे जुने गाव आहे. अलीकडे, बोरिवली पश्चिमेला, 1980 च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने आखलेल्या भूखंड योजनेतून उभी राहिलेली म्हाडाची वसाहत आहे. पलीकडच्या घरांत लहान मुलाला त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या राखणदार देवदूताची प्रार्थना शिकवली जाते. अलीकडच्या वसाहतीत गणपती-शिमग्याला गावी जाणारी जी कोकणी कुटुंबे आहेत, त्यांच्याही बोलण्यात 'राखणदार' असतो. मात्र तो पंख असलेला नसतो आणि त्याचा मान चुकला तर तो राखण करायचे सोडून वाट अडवतो. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांमधील अंतर हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

त्याच गोराईत 1989 मध्ये एस्सेलवर्ल्ड हे मनोरंजन उद्यान सुरू झाले. तेथील 'मॉन्स्टर्स इन द मिस्ट' या अंधाऱ्या दालनात काही मिनिटांची भीती तिकीट घेऊन विकत मिळत असे. उद्यान 2022 मध्ये बंद झाले. परंतु ज्या उद्योगसमूहाने ते उभारले, त्याच समूहाने 1992 मध्ये झी टीव्ही आणि 1999 मध्ये अल्फा मराठी, म्हणजे पुढची झी मराठी, या वाहिन्या सुरू केल्या. आणि याच मराठी वाहिनीवर 22 फेब्रुवारी 2016 रोजी 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका सुरू झाली. 2016, 2019-20 आणि 2021-22 अशा तीन पर्वांत ती चालली. दालनातील भीती बाहेर पडताच संपत असे. मालिकेतील भीती सहा वर्षे प्रेक्षकांना पुन्हा पुन्हा बोलावत राहिली. भीतीला एवढे आयुष्य नसते. तेव्हा प्रेक्षक कशासाठी परत येत होते, हा प्रश्न शिल्लक राहतो.

या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. एक, असे साहित्य व अशा मालिका वास्तवापासून पळवाट देतात. दोन, त्या अंधश्रद्धा पसरवतात. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. पण दोन्ही उत्तरे कलाकृती न वाचता, न पाहताही देता येतात, आणि तेथेच त्यांची मर्यादा स्पष्ट होते. 

देवदूताचा करार

इंग्रजीत 'पॅरानॉर्मल रोमान्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कादंबरीप्रकाराचा येथे थोडक्यात विचार करणे आवश्यक आहे, कारण मुंबईच्या उपनगरांतील महाविद्यालयीन तरुण वाचक आज तो वाचत असतो आणि मराठीच्या वर्गात त्याविषयी बोलत नाही. या प्रकारातील एक दीर्घ आणि प्रातिनिधिक उदाहरण म्हणजे नलिनी सिंग यांची 'गिल्ड हंटर' ही मालिका. फिजीत जन्मलेल्या आणि न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या या भारतीय वंशाच्या लेखिकेची 'एंजल्स ब्लड' ही पहिली कादंबरी 2009 मध्ये आली आणि 2024 पर्यंत या मालिकेच्या सोळा कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. नायक राफाएल हा न्यूयॉर्कवर सत्ता गाजवणारा महादेवदूत आहे. नायिका एलेना ही मर्त्य स्त्री असून पळून गेलेल्या रक्तपिपासूंना हुडकून आणणे हा तिचा व्यवसाय आहे.

येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी लागते. या जगात देवदूत हे सत्प्रवृत्त आणि रक्तपिपासू हे दुष्प्रवृत्त अशी विभागणी नाही. देवदूतांच्या शरीरात कालांतराने एक विष साठते. ते बाहेर टाकण्यासाठी त्यांना माणसांना रक्तपिपासू बनवावे लागते. आणि असे अमरत्व मिळालेल्या माणसाला शंभर वर्षे चाकरी करण्याचा करार पाळावा लागतो. करार मोडून जो पळतो त्याच्या मागावर एलेना जाते. म्हणजे स्वर्गीय आणि आसुरी यांच्यामधील भिंत नीतीची नसून ती देण्याघेण्याची आहे. राफाएल क्रूर आहे, हे कादंबरी लपवत नाही. तरीही तो वाचकाला हवासा वाटतो, कारण ज्याच्यावर कोणाचाही अंकुश चालत नाही अशी सत्ता एका स्त्रीपुढे स्वतःला नियमांनी बांधून घेते. जॅनिस रॅडवे यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रीडिंग द रोमान्स' या अभ्यासात अमेरिकेतील प्रणयकथांच्या वाचक स्त्रियांशी बोलून असे दाखवले होते की, या कथांत नायकाचा कठोरपणा कथेच्या ओघात नव्याने वाचला जातो आणि त्याआड दडलेली मृदुता नायिकेला, पर्यायाने वाचकाला, सापडते. अतिमानवी प्रणयकथेने या रचनेत एक भर घातली. पुरुषाची सत्ता येथे खरोखरच अमर्याद असते. त्यामुळे तिला घातलेली मर्यादाही अधिक मोलाची ठरते. 

या प्रकाराला उथळ म्हणणे सोपे आहे, आणि त्यातील बरेच लेखन उथळ आहेही. पण घरात, कचेरीत, रस्त्यावर अनिर्बंध सत्तेशी रोजचा व्यवहार करावा लागणाऱ्या वाचकाला 'ही सत्ता कशाने बांधली जाईल?' हा प्रश्न उथळ वाटत नाही.

देवचार आणि वेताळ

मराठी परंपरेत हा प्रश्न फार जुना आहे, मात्र त्याची मांडणी वेगळी आहे. दक्षिण कोकणात आणि गोव्यात 'देवचार' हा गावाच्या सीमेवरचा रक्षक मानला जातो. त्याला त्याचा वाटा दिला की तो रात्री वाट चुकलेल्याला घरी पोचवतो, अशी समजूत आहे. हाच शब्द ख्रिस्ती कोकणीत सैतानाचा वाचक बनला. ज्याला एका परंपरेने राखणदार मानले, त्यालाच दुसऱ्या परंपरेने दानव ठरवले. आणि दोन्ही परंपरांचे लोक शेजारी शेजारी राहिले. देवदूत-दानव या जोडीचे सरळ भाषांतर मराठीत का होत नाही, याचे याहून नेमके उदाहरण शोधावे लागणार नाही.

वेताळाचेही तसेच. कथांमध्ये तो भुतांचा राजा आहे. पण वेंगुर्ले तालुक्यातील आरवली येथे तोच श्रीदेव वेतोबा म्हणून गावाचे दैवत आहे. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्यामुळे त्याच्या वहाणा झिजतात, या श्रद्धेने भाविक त्याला मोठ्या आकाराच्या चामडी चपला अर्पण करतात. देवाच्या झिजलेल्या चपलांची काळजी वाहणारी ही कल्पना मोठी हृद्य आहे. तिच्यात भीती आहे, पण हिशेबही आहे : तो चालतो, म्हणून आपण चपला देतो. गाऱ्हाणे घालतानाही हाच व्यवहार दिसतो. गाऱ्हाणे घालणारा देवाला त्याच्या कर्तव्याची आठवण करून देतो, गावकऱ्यांकडून काही चुकले असल्यास ते पदरात घेण्याची विनंती करतो, आणि जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणून प्रत्येक वाक्याला साक्ष राहतात. मागणीला साक्षीदार असणे ही कराराचीच खूण होय.

भुतांच्या वर्गीकरणातही पापपुण्याला फारसे स्थान नाही. मुंज आणि सोडमुंज यांच्या मधल्या काळात मेलेला मुलगा मुंजा होतो. मोल्सवर्थच्या कोशातही या शब्दाचा असाच अर्थ दिलेला आहे. गरोदरपणी वा बाळंतपणात मेलेली स्त्री हडळ किंवा अळवंत होते. ज्याचा जीव धनात अडकला किंवा ज्याचे उत्तरकार्य करणारा कोणी उरला नाही तो समंध होतो. यांपैकी कोणीही दुष्ट होता म्हणून भूत झालेला नाही. आयुष्यातील एखादा टप्पा, एखादे स्थान, एखादे देणे अपुरे राहिले म्हणून तो मागे राहिला आहे. मराठी भूत हे मुळात थकलेले येणे आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मराठी भयसाहित्याने या सामग्रीचा उपयोग केला, पण प्रणय मात्र बव्हंशी बाजूला ठेवला. नारायण धारप (1925-2008) यांच्या समर्थकथा हे मराठीतील देवदूत-दानव संघर्षाचे सर्वांत दीर्घ रूप. तेथे संकटात सापडलेला माणूस समर्थांकडे येतो आणि सत्शक्ती दुष्टशक्तीवर मात करते. या कथांचे आकर्षण आश्वासनाचे आहे, अभिलाषेचे नाही. रत्नाकर मतकरी (1938-2020) यांच्या गूढकथांत मानवी मनातील वासना येते. परंतु कथेच्या छोट्या आकारामुळे ती एका धक्क्यात संपते. प्रेम आणि भुताटकी यांचा वर्षानुवर्षे चालणारा संसार मराठीत प्रथम दूरचित्रवाणीने मांडला.

अण्णांचा मृत्यू आणि अण्णांचे पुनरागमन

'रात्रीस खेळ चाले' ही मालिका सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आकेरी येथील वाड्यात चित्रित झाली. पहिल्या पर्वाच्या आरंभी नाईक घराण्याचे कर्ते अण्णा मरण पावतात आणि विखुरलेली भावंडे वाड्यात एकत्र येतात. संशय, जमिनीची वाटणी, एकामागून एक घडणाऱ्या अगम्य घटना, विसरभोळा गडी पांडू, विज्ञाननिष्ठ सून नीलिमा अशा घटकांतून ही कथा घडते. मालवणी बोलीचा सलग वापर हे या पर्वाचे मोठे बलस्थान होते. त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी 1970 मध्ये अद्भुत साहित्याची जी व्याख्या केली, ती या पर्वाला बरोबर लागू पडते : घडते आहे ते नैसर्गिक की अतिनैसर्गिक, याविषयीची दोलायमानता हेच अद्भुताचे क्षेत्र. महाराष्ट्रात डिसेंबर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा संमत झालेला होता आणि त्या कायद्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हत्या झाली होती. अशा काळात मालिका सुरू होताच कोकणची बदनामी होते, अंधश्रद्धेला खतपाणी मिळते, असे आक्षेप घेतले गेले. हे आक्षेप अनाठायी नव्हते. मात्र पहिल्या पर्वाच्या रचनेतच नीलिमेच्या रूपाने या आक्षेपाला जागा दिलेली होती, हेही मान्य करावे लागते.

मालिकेचे स्वरूप पालटले ते दुसऱ्या पर्वात. ही पूर्वकथा आहे. अण्णा जिवंत आहेत (माधव अभ्यंकर) आणि पाटणकर यांची पत्नी शेवंता (अपूर्वा नेमळेकर) गावात येते. अण्णा लंपट आहेत, जमिनीचे लोभी आहेत, खुनी आहेत. माईसारख्या सोशिक पत्नीला ते पायाखाली ठेवतात. तरीही प्रेक्षकांनी या दोघांचे प्रकरण असे उचलून धरले की मालिकेचे रहस्य मागे पडून 'अण्णा-शेवंता' ही जोडीच तिची ओळख झाली. याचे श्रेय केवळ शृंगारदृश्यांना देणे योग्य ठरणार नाही. तशी दृश्ये इतर मालिकांतही असतात. येथे प्रेक्षकाला शेवट आधीच ठाऊक आहे. अण्णा मरणार आहेत आणि मरूनही वाडा सोडणार नाहीत, हे 2016 मध्येच पाहून झालेले आहे. त्यामुळे 2019 मधील त्यांच्या प्रत्येक सुखाच्या क्षणावर मृत्यूची छाया पडते. उलटा काळक्रम ही बहुधा यश मिळाल्यानंतर सुचलेली व्यावसायिक युक्ती असावी. पण तिने जे साधले ते एखाद्या जाणत्या कादंबरीकारालाही हेवा वाटावा असे आहे.

राफाएलशी तुलना केली असता अण्णांचे वेगळेपण ठळक होते. राफाएल प्रेमाने बदलतो. अण्णा बदलत नाहीत. शेवंतेच्या सहवासात त्यांचा एकही अवगुण कमी होत नाही, आणि मालिका तसा आभासही निर्माण करत नाही. इंग्रजी प्रणयकथेत अनिर्बंध पुरुषाला करार बांधून ठेवतो. आकेरीच्या वाड्यात अण्णांना कोणताच करार लागू नाही. ते गावाचे देणे देत नाहीत, गड्यांचे देत नाहीत, बायकोचे देत नाहीत. गोराईच्या वसाहतीत बसून ही मालिका पाहणाऱ्या, गावाकडच्या घराला कुलूप असलेल्या, सातबाऱ्यावर सोळा नावे असलेल्या कोकणी प्रेक्षकाला हा वाडा परका वाटण्याचे कारण नाही. घर कोणाचे, कुळाचा मान कोणी करायचा, दिवा कोणी लावायचा हे प्रश्न मुंबईतील चाकरमान्यांच्या अनेक कुटुंबांत न सुटलेले आहेत. भुताची गोष्ट ही या न सुटलेल्या प्रश्नांविषयी घरातल्या सर्वांना एकत्र बसून ऐकता येईल अशी एकमेव गोष्ट असते. भावकीचे भांडण जेवताना काढता येत नाही. अण्णांचे भूत काढता येते.

तिसऱ्या पर्वात (2021-22) वाडा पडका झालेला आहे आणि अण्णा व शेवंता दोघेही भूतरूपाने वावरतात. येथे, निःसंशयपणे, कलात्मक घसरण झाली. टाळेबंदीमुळे आलेला खंड आणि पुढे शेवंतेच्या भूमिकेत झालेला बदल (ती कृतिका तुळसकर यांच्याकडे गेली) ही बाह्य कारणे झाली. आंतरिक कारण असे की, दोघेही मेल्यावर त्यांना एकमेकांकडून मागण्यासारखे काही उरत नाही. जिवंतपणी त्यांच्यात ओढ होती, भांडण होते, मत्सर होता. मेल्यावर ते वाड्यातील इतरांना छळणारी दुष्टशक्ती बनतात. दोलायमानता गेली, हिशेब गेला आणि राहिला तो केवळ दानव. देवचाराला सैतान ठरवण्याची जी प्रक्रिया भाषेत शतकांपूर्वी घडली, तिचीच छोटी आवृत्ती या पर्वात घडलेली दिसते. 

शेवंतेचा मान

मालिकेविषयीची सर्वांत गंभीर तक्रार मात्र तिसऱ्या पर्वापुरती मर्यादित नाही. ती दुसऱ्या, म्हणजे सर्वोत्तम, पर्वाविषयीही आहे.

लोकपरंपरेच्या न्यायाने पाहिले तर या कथेत खरे थकलेले येणे शेवंतेचे आहे. नाईकांच्या वाड्यात तिला स्थान नाही. देवघरात नाही, ओटीवर नाही, श्राद्धाच्या पानावर नाही. तिची मुलगी सुषमा ही अण्णांची मुलगी असूनही नाईक नव्हे. मुंजा, अळवंत, समंध यांची जी व्याख्या परंपरेने केली तिच्यात शेवंता पूर्णपणे बसते; अपुरे राहिलेले स्थान हेच तिचे भूतपण. मालिकेला हे उमगले असते तर शेवंतेचे भूत वाड्याच्या उंबऱ्यावर उभे राहून आपला मान मागते, अशी एक विलक्षण कथा मराठीला मिळाली असती. घडले ते वेगळेच. कॅमेरा सातत्याने अण्णांच्या नजरेतून तिच्याकडे पाहतो. तिची साडी, तिचे हसणे, तिचे वळून पाहणे प्रेक्षकाला तपशीलवार ठाऊक होते. एकटी असताना ती स्वतःशी काय विचार करते, हे मात्र क्वचितच कळते. नेमळेकर यांच्या अभिनयाने काही ठिकाणी ही उणीव भरून निघते. एखाद्या प्रसंगात पाटणकरांकडे पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर जी कीव आणि कंटाळा एकत्र दिसतो, तो संवादात कोठेही नसतो.

इंग्रजी प्रणयकथेकडून मराठी मालिकेने काही घ्यायचे असेल तर ते पंख आणि अमरत्व नव्हे, तर दृष्टिकोन होय. 'गिल्ड हंटर' मालिकेतील भाषा अनेकदा भडक आहे, वर्णनांत पुनरुक्ती आहे. सोळा कादंबऱ्यांत ती होणारच. पण एलेनाला काय हवे आहे, कशाची भीती वाटते, कोणत्या अटीवर ती थांबेल आणि कोणत्या अटीवर निघून जाईल, हे वाचकाला पानोपानी ठाऊक असते. तिचे 'नाही' कथेला वळण देते. माई आणि शेवंता या दोघींपैकी कोणाच्याही नकाराने आकेरीच्या वाड्यातील कथा वळत नाही. एक सोसते, दुसरी भुरळ घालते. स्त्रीच्या या दोन ठरीव प्रतिमा मराठी रंगभूमीवर आणि चित्रपटात आधीपासून होत्या. मालिकेने त्यांना मालवणी बोली दिली, नवे मन दिले नाही.

हा फरक दोन मुलींच्या चित्रणात अधिक स्पष्ट होतो. नलिनी सिंग यांच्या 'आर्चएंजल्स स्टॉर्म' (2012) या कादंबरीचे कथानक भारतात घडते. तेथील महादेवदूत नेहा ही सर्पांची आणि विषांची राणी आहे. तिच्या जोडीदाराला तिच्याच जुळ्या बहिणीपासून झालेली माहिया ही मुलगी नेहाच्या किल्ल्यात, अपमानाची जिवंत खूण म्हणून, वाढते. म्हणजे आकेरीतील सुषमेचीच परिस्थिती, फक्त राजस्थानी किल्ल्यात. कादंबरी माहियाला नायिका करते. किल्ल्याचे दार तिच्यासाठी उघडते आणि ती स्वतःच्या पायांनी बाहेर पडते. सुषमा मात्र पहिल्या पर्वात वाड्याभोवती संशयाच्या छायेत वावरते. ती येते, नाईकांच्या घरातल्या माणसांचे चेहरे बदलतात, आणि तिला आत बोलवायचे की नाही याविषयी ओसरीवर कुजबुज सुरू होते.